एकतीस जुलैच्या आत

कुवेत,
११ एप्रिल २०२५

प्रिय वृषाली,

जय भीम. जाडजूड पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणणारच. आत जो अर्ज आहे त्यावर शाईची सही लागते, फोटो पाठवून चालत नाही. पाकीट पाठवायचंच आहे तर अर्जाला एकट्यानं कशाला पाठवू? शिवाय फोनवर मला खरं बोलता येत नाही. इथं एका खोलीत आम्ही चौघी. आणि तुला फोन लावला की आधी कडूबाई मावशींचाच आवाज येतो, "काय म्हणती गं ती कुवेतवाली? किती झाला म्हणं पगार?" तुझ्या सासूबाईंना माझा पगार माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

तेव्हा ड्युटी बदलताना आपण पुढच्या सिस्टरला पेशंटची ओव्हर देतो तशी देते, नीट घे. मध्येच जांभया देऊ नकोस. पेशंट मीच आहे.

माझी बिनपगारी रजा येत्या एकतीस जुलैला संपते. चार वर्षं झाली बघ. नियमानं अजून एकच वर्ष वाढवून मिळू शकतं, त्यापुढं कुणाचीही चिठ्ठी चालत नाही. पण ते एक वर्षसुद्धा आपोआप मिळत नाही. मुदतीच्या आत अर्ज जिल्ह्याच्या ऑफिसात आवकला पडला पाहिजे. नाही पडला तर मी नोकरी सोडून गेले असं धरतात आणि माझी जागा रिकामी होते. आणि इथला माझा करार पुढच्या मार्चपर्यंत आहे, त्याआधी हे लोक सोडत नाहीत. म्हणून एक वर्ष हवंय. मार्च संपला की येते आणि हजर होते.

तू विचारशील, चांगला पगार सोडून कशाला येतेस? पगार चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण म्हातारपणाला इथं पेन्शन नाही, ती इथल्या माणसांना. आपल्याला नोकरी संपताना एकदाच रक्कम मिळते. तीन वर्षांनंतर सोडलं तर निम्मी, पाच वर्षांनंतर दोन तृतीयांश, दहा झाली की पूर्ण. कायदाच तसा आहे. त्यामुळं निघावंसं वाटलं की माणूस पुढची पायरी बघतो आणि थांबतो. माझ्या वॉर्डातल्या केरळच्या सिस्टर पाच वर्षांसाठी आल्या होत्या, बावीस झाली. मुलीच्या लग्नाला त्या पाहुण्यांसारख्या जाऊन आल्या. त्या रोज माझ्यासमोर डबा उघडतात आणि मला माझीच भीती वाटते.

अर्ज अमरदीपच्या हाती दिला असता, पण तो कपाटावर ठेवेल आणि विसरेल. त्याला मी यायला नकोय. तो वाईट नाही गं, पण त्याचं घराचं बांधकाम सुरू आहे आणि वरचा मजला अजून व्हायचाय. निकिता पाच वर्षांची होती तेव्हा मी निघाले, आता नऊची आहे. व्हिडिओवर ती मला अभ्यास सांगते, जशी मास्तरणीला सांगावी तशी.

म्हणून तू. इथल्या औषधं वाटपातले महांतेशभाऊ सुट्टीवर उमरग्याला निघालेत, ते तिथून कुरिअर करतील. तू फक्त अर्ज खिडकीवर दे, प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर घे आणि ती पोच मला पाठव. शिक्क्याशिवाय आपल्या ऑफिसात माणूस जन्मलेलासुद्धा धरत नाहीत, तुला माहीत आहे.

तुझीच,
संघप्रिया

&nbsp;

कळंब,
६ मे २०२५

संघे,

पाकीट अठ्ठावीसला पोचलं. दवाखान्याच्या पत्त्यावर आलं म्हणून स्टाफरूममध्ये सगळ्याजणी जमल्या, कुवेतहून सोनं आलं की काय म्हणून. निघाला अर्ज. इन्चार्ज सिस्टरनी तर तोंडच वाकडं केलं.

अर्ज माझ्याकडे सुखरूप आहे. आवकचे कृष्णराज भाऊसाहेब मुलीच्या लग्नासाठी रजेवर आहेत आणि त्यांच्या जागी बसलेला माणूस कागद कुठं टाकेल सांगता येत नाही. ते आले की देते. जुलै अजून लांब आहे, जीव खाऊ नकोस.

इकडचं विचारशील तर इकडं काही बदललेलं नाही. ऊन असं आहे की एसटीच्या सीटवर बसवत नाही. बाळंतपणाच्या वॉर्डात आम्ही दोघी, पेशंट अठरा, आणि साफसफाईच्या मावशी आठवड्यातून चार दिवस येतात. परवा एकीला सकाळी आणून टाकलं, बरोबर नवरा नाही, सासू नाही, फक्त शेजारीण. ती माझा हात धरून "माय, मला सोडून जाऊ नका" म्हणत होती, आणि माझी ड्युटी संपून दोन तास झाले होते. बसले. शेवटची एसटी गेली, मग एका दुधाच्या गाडीतून घरी आले. त्यावर सासूबाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही, पत्र जड होईल.

एक विचारू? रागावू नकोस. तुला खरंच यायचंय का? तिथं स्वच्छ वॉर्ड आहे, माणसं पुरेशी आहेत, महिन्याच्या महिन्याला पगार हातात आहे. इथं येऊन तू काय करणार आहेस? निकिता तर आता तिच्या आजीत रमलीय. मी मैत्रीण म्हणून विचारतेय. पुन्हा एकदा शांत डोक्यानं विचार कर.

तुझी,
वृषाली

&nbsp;

कुवेत,
४ जून २०२५

वृषे,

महिना झाला. भाऊसाहेबांच्या मुलीचं लग्न लागलं की अजून वरात फिरतेय?

तू विचारलंस मला खरंच यायचंय का. हा प्रश्न मला सगळे विचारतात. आई विचारते, सासूबाई विचारतात, अमरदीप तर प्रश्नच बदलून विचारतो, "तिथं काय त्रास हाय का तुला?" त्रास नाही. इथं मला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही, पगार बुडवत नाही. हेच तर सांगता येत नाही. त्रास असता तर सगळ्यांनी परत बोलावलं असतं. चांगलं चाललंय म्हणून कुणी ये म्हणत नाही.

शुक्रवारी मी घरी फोन करते. अमरदीप स्पीकरवर टाकतो, भोवती सगळे बसतात. मला म्हणायचं असतं की मला इथं करमत नाही रे, मला घरी यायचंय. पण समोर सासूबाई, दीर, जाऊ, शेजारची दोन पोरं. मग मी विचारते, खिडक्या बसल्या का? टाइल्स कुठल्या घेतल्या? चार वर्षांत मी माझ्या नवऱ्याशी एकटीनं बोललेले नाही.

त्यातून नवीन दोन गोष्टी झाल्या. पहिली, एक जुलैपासून इथून देशाबाहेर पडायचं तर कंपनीची परवानगी लागणार, कॉम्प्युटरवर. तिकीट काढलं, बॅग भरली, निघाले, असं आता नाही. दुसरी, ऑफिसनं मला मार्चनंतरचा तीन वर्षांचा करार पुढं केलाय. पगारवाढ आहे, दर वर्षी घरी जायचं तिकीट आहे. दहा जुलैपर्यंत हो की नाही सांगायचंय. मी अजून काहीच बोलले नाही. अमरदीपला सांगितलं, तर त्यानं लगेच निकिताचं नाव धाराशिवच्या इंग्रजी शाळेत घातलं. मला न विचारता. म्हणे, "आता टेन्शन न्हाय."

म्हणून तुझी पोच हवीय, वृषे. तो शिक्का हातात आला की मी इथं नाही म्हणेन. मागं जागा आहे हे कागदावर दिसल्याशिवाय मला नाही म्हणायचं धाडस होत नाही. दहा तारखेच्या आत पाठव. मी रोज खाली जाऊन कुरिअरचं विचारते, वॉचमन आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

संघप्रिया

&nbsp;

कळंब,
२५ जून २०२५

संघप्रिया,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. हे पाठवते आहे.

अर्ज दिलेला नाही. कृष्णराज भाऊसाहेबांच्या घरी लग्नच नव्हतं. अर्ज माझ्या पर्समध्ये आहे, डब्याच्या पिशवीखाली, अठ्ठावीस एप्रिलपासून.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या महिन्यात मला ऑर्डर मिळाली. तुला मी सांगितलं की बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या सिस्टरच्या जागी घेतलं. खोटं होतं. मला तुझ्या जागेवर घेतलं. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, आणि मग वर्षं गेली, तेव्हा सांगायचं राहूनच गेलं. आम्हा तात्पुरत्या, बंधपत्रितांची ऑर्डर अकरा महिन्यांची असते, मग मध्ये खंड, मग परत ऑर्डर. प्रत्येकीच्या खाली एकच ओळ असते की नियमित कर्मचारी हजर होताच ही नेमणूक आपोआप संपेल. ती नियमित कर्मचारी तू आहेस. चार वर्षं मी तुझ्या येण्याच्या भीतीनं नोकरी केली, आणि तुझ्या वाढदिवसाला तुला "लवकर ये" असा मेसेजही केला.

काम तेच, पगार तुझ्या निम्मा. मला पगारी रजा नाही. मागच्या वर्षी माझा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला, तेव्हा सहाव्या दिवशी मी वॉर्डात उभी होते, दुसऱ्यांची बाळंतपणं करत. तुला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

आता ऑगस्टमध्ये एक यादी जाणार आहे. ज्या बंधपत्रित सिस्टर स्पष्ट रिकाम्या जागेवर आहेत त्यांना कायम करणार. एकतीस जुलैपर्यंत तुझा अर्ज पडला नाही तर तुझी जागा रिकामी, आणि माझं नाव यादीत. पडला तर नाव नाही, आणि मार्चमध्ये तू आलीस की मी घरी. मला काहीच करायचं नव्हतं. फक्त पर्स उघडायची नव्हती.

मी अर्ज फाडला नाही. दिलाही नाही. तुझं चार तारखेचं पत्र वाचलं, आणि त्या वॉचमनचं वाचून मला जेवण गेलं नाही. तू सांग काय करू. तू "देऊ नकोस" म्हणावंस असं मला वाटतं, हेही लिहून टाकते. आता लपवायला काही उरलं नाही.

वृषाली

&nbsp;

कुवेत,
३ जुलै २०२५

वृषाली,

दे.

तुझं दुःख वाचलं. रडले. बाळाचं तू मला सांगितलं नाहीस याचा राग तर वेगळाच आहे. पण अर्ज दे. मी काही देवता नाही. ती जागा मी सहा वर्षं परीक्षा देऊन मिळवली, पहिल्या पगारात बाबांना चष्मा घेतला, आणि आमच्या घरातली सरकारी नोकरी करणारी मी पहिली. तुझ्यावर अन्याय होतोय तो मी केलेला नाही, आणि माझी जागा देऊन तो मिटवणार नाही. तुझ्या यादीसाठी भांड, मोर्चा काढ, मी आले की तुझ्याबरोबर उभी राहीन. पण माझ्या अर्जावर बसून नाही.

पोच येईपर्यंत थांबायला आता वेळ नाही. दहा तारखेला मी इथं नाही म्हणणार आहे, तुझ्या भरवशावर. तू पत्र पाठवलंस म्हणजे तू देशील, असं धरून चालते. चुकले तर चुकले.

संघप्रिया

&nbsp;

कळंब,
१६ जुलै २०२५

संघे,

अकरा तारखेला तुझं पत्र आलं. त्याच दिवशी अर्धी ड्युटी टाकून धाराशिवला गेले. खिडकीवर अर्ज सरकवला. कृष्णराज भाऊसाहेबांनी नाव वाचलं, चष्मा वर केला आणि आतून फाइल मागवली.

म्हणाले, "सिस्टर, ह्या बाईचा राजीनामा मंजूर झालाय की. मग रजा कशाची वाढवून मागता?"

मला वाटलं दुसरी कुणी संघप्रिया असेल. त्यांनी फाइल फिरवून दाखवली. राजीनामा एकोणीस मेला आवक झालाय, चोवीस जूनला मंजूर. कौटुंबिक कारणास्तव. खाली सही तुझीच आहे, ती लांब शेपटीची, मी ती झोपेतही ओळखीन. मजकूर मात्र अमरदीपच्या अक्षरातला. तू जाताना बँकेच्या आणि शाळेच्या कामाला लागतील म्हणून त्याच्याकडे कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्यास. आपल्याकडं बाहेरगावी जाणारी सगळीच माणसं ठेवतात. मंजुरीचं पत्र येडशीच्या पत्त्यावर गेलं.

आता पुढचं लिहायला हात उठत नाही, पण लिहिते. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी हा अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात आणला असता, तर म्या राजीनामा बाजूला ठिवला असता. एका फायलीत दोन उलटे कागद आले की बाईला विचारल्याशिवाय म्होरं जाता येत न्हाय." ऐकलंस? त्यानं केलं ते त्यानं केलं. पण ते अडलं असतं, आणि अडवणारा कागद माझ्या पर्समध्ये होता.

तिथून तशीच येडशीला गेले. अमरदीप नव्या घराच्या ओट्यावर पाणी मारत होता. त्यानं नाकबूल केलं नाही. म्हणाला, "व्हय, म्याच दिला. सिस्टर, ती आली तर इथल्या पगारात काय काय व्हणार हाय? पोरीची फी भरायची का बांधकाम पुरं करायचं? मागं जागा हाय म्हणून तिचं चित्त तिकडं लागत न्हाय. जागाच न्हाय म्हणल्यावर ती निवांत राहील. म्या काय माझ्यासाठी केलंय?" तेवढ्यात आतून तुझ्या सासूबाई, मुक्ताबाई, म्हणाल्या, "म्या सांगत हुते रं तुला. पोरीला स्लॅब लागत न्हाय, आई लागती." तो परत पाणी मारायला लागला.

माझं नाव ऑगस्टच्या यादीत घातलंय. भाऊसाहेबांनीच सांगितलं, अभिनंदन म्हणून. खिडकीसमोर मला एक क्षण हसू आलं, संघे, खरं सांगते. मग एसटीत बसल्यावर स्वतःचीच किळस आली. तू फसवणुकीची तक्रार कर. मी साक्ष देईन, पर्ससकट सगळं सांगेन. माझं नाव जाईल, जाऊ दे.

वृषाली

&nbsp;

कुवेत,
२ ऑगस्ट २०२५

वृषाली,

उत्तराला उशीर झाला. चार दिवस मी फक्त ड्युटी केली आणि झोपले.

साक्ष देऊ नकोस. तक्रार मी करणार नाही. इथल्या एका ओळखीच्या वकिलाला फोनवर विचारलं. ते म्हणाले, सही तुमची आहे, मजकूर नवऱ्याचा आहे, म्हणजे गुन्हा नवऱ्यावर. निकिताच्या बापाला कोर्टात उभं करायचं, तेही इथून, दर तारखेला कंपनीची परवानगी काढून. जागा मिळेपर्यंत निकिता कॉलेजात जाईल, आणि तोवर तिला शाळेत कोण काय काय ऐकवेल. हे मी करू शकत नाही. तोही हे ओळखून आहे.

दहा तारखेला मी इथं नाही म्हटलं होतं. तुझं पत्र आल्यावर ऑफिसात परत गेले आणि हो म्हणाले. नाही म्हटलेल्या माणसाला ते परत घेतात, पण त्यांच्या अटीवर. पगारवाढ गेली, आणि तिकीट आता दर वर्षी नाही, दोन वर्षांनी. म्हणजे निकिता अकराची असेल तेव्हा भेटेल, आणि नंतर तेरा. केरळच्या सिस्टरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला.

काल शुक्रवार. फोन केला. स्पीकर, सगळे भोवती. अमरदीपनं विचारलं, "केली का सही?" मी म्हटलं, केली. "ब्येस झालं." मी थांबले. म्हटलं आता तरी सांगेल, मुक्ताबाईंसमोर नाही तर फोन घेऊन बाहेर जाऊन सांगेल. तो म्हणाला, वरच्या मजल्याला कुठला रंग देऊ? मी म्हटलं, तुला आवडेल तो.

तुझ्यावर माझा राग आहे. तो किती दिवस राहील मला माहीत नाही, आणि उगाच गोड बोलून मी तो मिटवणार नाही. तू कायम झालीस की मला कळव. आनंद होईल असं म्हणत नाही, पण कळव. आणि बाळासाठी पुन्हा दिवस राहिले तर आता तुला पगारी रजा मिळेल, ती पूर्ण घे. सहाव्या दिवशी वॉर्डात दिसलीस तर मी इथून येऊन मारीन.

आता काम. नव्या कराराबरोबर एक फॉर्म असतो. इथं माझं काही बरंवाईट झालं तर विम्याचे आणि नोकरीच्या अखेरचे पैसे कुणाला द्यायचे तो. आजवर तिथं अमरदीपचं नाव होतं. मी निकिताचं घातलंय. ती कायद्यानं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे, म्हणून तिच्या वतीनं पैसे सांभाळणारं मोठं माणूस लागतं, त्या रकान्यात मी तुझं नाव लिहिलंय. तू म्हणशील, माझं कसं? तू दोन महिने लपवलंस आणि मग सांगितलंस, स्वतःचं नुकसान होणार हे दिसत असताना. तो अजूनही सांगत नाही. माझ्याकडं माणसं एवढीच आहेत, वृषे, त्यांतूनच निवडावं लागतं.

फॉर्म सोबत आहे. तुझी सही दोन ठिकाणी लागते, शाईची. इंग्रजी आहे, बारीक आहे, चार पानं आहेत. कळलं नाही तिथं कुणाला तरी विचार, पण सगळं वाच. माझ्यावर विश्वास आहे म्हणून न वाचता सही करू नकोस.

संघप्रिया